न सांगितलेले नियम

बंगळूर शहरात सकाळच्या वेळी कोणत्याही ‘दर्शिनी’त शिरले, की एक सुव्यवस्थित व्यवहार दृष्टीस पडतो. उभ्याने खाण्याची ही लहान उपाहारगृहे १९८०च्या दशकापासून या शहरात रूढ झाली. गिऱ्हाइकाने प्रथम गल्ल्यावर पैसे भरावयाचे, मिळालेली चिठ्ठी आतल्या माणसाकडे द्यावयाची, इडलीची बशी उचलावयाची, उंच मेजापाशी उभे राहून खावयाचे आणि रिकामी बशी ठरलेल्या जागी ठेवून बाहेर पडावयाचे. जिनसांचे दर भिंतीवर लिहिलेले असतात. परक्या माणसालाही हा क्रम दोन दिवसांत अवगत होतो.

परंतु त्याच जागेत दुसरीही एक नियमावली चालू असते, आणि ती कोठेही लिहिलेली नसते. पुढच्या माणसापासून किती अंतरावर उभे राहावे, मेजापाशी आधीच कोणी खात असेल, तर नुसत्या नजरेने त्याची अनुमती कशी घ्यावी, ‘बाय-टू कॉफी’ मागितली असता दोन कॉफी येत नाहीत, एकच कॉफी दोन पेल्यांत विभागून येते, ओळखीच्या माणसाने “तिंडि आय्ता?”, म्हणजे ‘न्याहारी झाली का?’ असे विचारले, तर त्याला न्याहारीचा वृत्तान्त नको असतो, त्याने केवळ आपुलकी दाखविलेली असते. हे नियम कोणी कोणास बसवून शिकवीत नाही. बहुतेकांना ते चालण्याबोलण्याबरोबरच येतात, आणि ते आपल्याला येतात याचीही त्यांना जाणीव नसते.

ज्यांना हे नियम असे आपोआप येत नाहीत, अशी माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांची बुद्धी मंद असेलच असे नाही. स्वभाव उद्धट तर नसतोच. त्यांच्या या जन्मजात वेगळेपणास ‘ऑटिझम’ व मराठीत ‘स्वमग्नता’ असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगातील सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. तेव्हा दर्शिनीतल्या सकाळच्या गर्दीत अशी एखादी व्यक्ती रोज येऊन जात असणार, हे उघड आहे. तिचा दिवस कसा जातो, आणि तो सुकर करणे कोणाच्या हाती आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

नावाचा इतिहास आणि मातांवरचा आळ

ग्रीक भाषेत ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’. या शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘ऑटिझम’ ही संज्ञा बनविली. १९११ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी ती छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी योजिली होती. पुढे १९२५ साली मॉस्को येथे ग्रून्या सुखारेवा या महिला डॉक्टरांनी सहा मुलांचे असे वर्णन प्रसिद्ध केले, की आजचा तज्ज्ञ त्या मुलांना सहज ओळखील. त्या लेखाकडे मात्र दीर्घकाळ कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांविषयी निबंध लिहिला आणि तेथून हा विषय वैद्यकात स्थिर झाला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे हान्स आस्पर्गर यांनी अशाच काही मुलांचे वर्णन केले.

कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट हा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा होता. त्याला अंक प्रिय होते, फिरत्या वस्तू प्रिय होत्या. माणसांकडे मात्र त्याचे लक्ष नसे. या मुलाचे पुढे काय झाले, हे लेखाच्या अखेरीस येईल.

‘स्वमग्न’ हा मराठी शब्द मूळ संज्ञेशी प्रामाणिक आहे, परंतु तो थोडा फसवाही आहे. मग्न होणे ही इच्छेने करावयाची गोष्ट आहे. कवी मग्न होतो, योगी मग्न होतो. म्हणून हा शब्द ऐकणाऱ्याचा असा समज होतो, की या मुलाला इतरांची गरज वाटत नाही, त्याने जगाकडे मुद्दाम पाठ फिरविली आहे. अनेक स्वमग्न प्रौढांनी आपल्या आत्मकथनांतून नेमके याच्या उलट सांगितले आहे. मैत्री त्यांना हवी असते; मैत्रीच्या घराचे दार कोठे आहे, ते त्यांना सापडत नाही. शब्द रूढ झाला आहे, म्हणून तो वापरणे प्राप्त आहे. त्याचा वाच्यार्थ मात्र या माणसांच्या माथी मारू नये.

असाच दुसरा एक समज फार घातक ठरला. आईच्या मनाचा कोरडेपणा हे स्वमग्नतेचे कारण होय, असे मत विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांत पसरले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ सालच्या ग्रंथात त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. तत्पूर्वीच, १९६४ साली, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी हे मूळ शारीरिक आहे असे साधार प्रतिपादिले होते. १९७७ साली सुसान फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजापासून जन्मलेल्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. भिन्न बीजांच्या दहा जोड्यांत असे एकही उदाहरण नव्हते. आनुवंशिकतेचा वाटा यावरून स्पष्ट झाला, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी तो दृढ केला. आता शेकडो जनुकांचा या स्थितीशी संबंध आढळला आहे.

लसीमुळे स्वमग्नता येते हा प्रवादही असाच निराधार आहे. ज्या १९९८ सालच्या निबंधाने तो उठविला, त्यात अवघी बारा मुले होती आणि तो निबंध २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला. २०१९ साली डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या. गोवराच्या संयुक्त लसीचा स्वमग्नतेशी काहीही संबंध आढळला नाही.

एक नव्हे, अनेक छटा

स्वमग्नतेची लक्षणे दोन गटांत मांडतात. पहिला गट परस्परव्यवहाराचा. नजरेला नजर देणे, हावभाव ओळखणे, बोलण्यातील पाळी सांभाळणे, न बोललेले समजणे या गोष्टी अवघड जातात. दुसरा गट पुनरावृत्तीचा व संवेदनांचा. तीच हालचाल पुनःपुन्हा करणे, ठरलेला क्रम मोडला असता व्याकूळ होणे, एखाद्या विषयात विलक्षण खोल रस असणे आणि आवाज, प्रकाश, वास, स्पर्श यांची जाणीव इतरांपेक्षा फार तीव्र किंवा फार मंद असणे. संवेदनांतील हा भेद २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानसूत्रांत प्रथमच स्पष्टपणे समाविष्ट झाला. ही लक्षणे बालपणापासून असतात आणि आयुष्यभर सोबत राहतात. स्वमग्न मूल मोठे झाले, की स्वमग्न प्रौढ होते.

तथापि कोणत्याही दोन स्वमग्न व्यक्ती सारख्या नसतात. लंडनमध्ये लॉर्ना विंग व जुडिथ गूल्ड यांनी १९७९ साली केलेल्या पाहणीनंतर ही स्थिती म्हणजे एक ठरावीक साचा नसून अनेक छटांचा पट आहे, ही कल्पना पुढे आली. कोणी उत्तम गणिती असतो, परंतु दूरध्वनीवर बोलण्याच्या कल्पनेने त्याला घाम फुटतो. कोणाला बोलताच येत नाही. तो चित्रे दाखवून किंवा टंकलेखन करून आपले मनोगत कळवितो. कोणाला स्वमग्नतेबरोबर बौद्धिक अक्षमता अथवा अपस्मारही असतो, आणि त्याला आयुष्यभर सतत सोबत लागते. मुलींची स्वमग्नता पुष्कळदा उशिरा ओळखली जाते, कारण त्या इतरांचे अनुकरण करून आपली अडचण झाकून घेतात. म्हणून ‘सगळे स्वमग्न गणितात हुशार’ हे विधान जितके चुकीचे, तितकेच ‘सगळे स्वमग्न असहाय’ हेही चुकीचे होय.

एका तरुणाचा दिवस

वीस-बावीस वर्षांचा, नीट बोलता येणारा, कचेरीत काम करणारा एक स्वमग्न तरुण डोळ्यांसमोर आणू. त्याचे कुटुंब मराठी असून बंगळुरात राहते. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि कचेरीत इंग्रजी, अशा तीन भाषा तो बोलतो. शब्दार्थाच्या बाबतीत तिन्ही भाषांत तो अचूक आहे. त्याची अडचण शब्दार्थ संपतो तेथे सुरू होते.

तो घरातून निघताना आजी म्हणते, “जातो म्हणू नये, येतो म्हणावे.” कन्नड शेजारीही निरोप घेताना ‘होगि बर्तीनि’, ‘जाऊन येतो’, असेच म्हणतात. जाणाऱ्याने ‘येतो’ म्हणावयाचे, हे त्याला लहानपणी मोठे असत्य वाटे. ‘अशुभ टाळण्यासाठी आपल्याकडे तसे म्हणण्याची रीत आहे’, असे कोणी उलगडून सांगितले, तेव्हा त्याने ते तत्काळ मान्य केले आणि त्यानंतर कधीही तो चुकला नाही.

रिक्षावाला मीटरपेक्षा वीस रुपये अधिक मागतो. तरुण त्याला मीटरचा नियम सांगतो. नियम त्याच्या बाजूला असतो, आणि तरीही तो रस्त्यावर उभाच राहतो. मग तो मेट्रोकडे वळतो. २०११ साली सुरू झालेली ही रेल्वे त्याला प्रिय आहे. सर्व स्थानके त्याला क्रमाने पाठ आहेत, पुढचे स्थानक कोणते ते आधी घोषित होते, दारे ठरल्या जागी उघडतात. परंतु आत जाण्यापूर्वी तपासणी असते. अनोळखी माणसाचा हात अंगाला अवचित लागला, की त्याच्या अंगावर काटा येतो. तो नजर चुकवितो, बोटे हलवू लागतो, एक पाऊल मागे सरतो. ही चिन्हे पहारेकऱ्याला घाबरलेल्या अपराध्याची वाटतात. ‘मी आता खांदे तपासणार आहे’ एवढे एक वाक्य आधी उच्चारले गेले असते, तर हा प्रसंग उद्भवलाच नसता.

बसचा प्रवास त्याहून कठीण. कर्णे, गर्दी, घामाचे व फुलांचे वास हे सर्व एकदम त्याच्यावर येऊन आदळते. इतरांचे मेंदू यांतील नऊ दशांश गोष्टी बाजूला सारतात. त्याला त्या बाजूला सारता येत नाहीत. मात्र याच बसमध्ये त्याला आवडणारी एक जुनी रीत आहे. सुटे पैसे नसले, की कंडक्टर देणे असलेली रक्कम तिकिटाच्या पाठीवर लिहून देतो. बोलणे लिखित झाले, की ते निश्चित होते. त्याच्या मनाला अशी निश्चिती मानवते.

सायंकाळी घरी पाहुणे येतात. आई लाडवांची बशी पुढे करण्यास सांगते. पाहुणे म्हणतात, “नको, नको, आत्ताच खाऊन आलो.” तरुण बशी परत नेतो. मराठी घरातील ‘नको’ किती वेळा झाल्यावर खरा ‘नको’ समजावा, आणि आग्रह कोठवर करावा, याचा नियम कोणत्या पुस्तकात आहे? पाहुण्यांच्या चेहऱ्यावरील निराशा त्याला दिसत नाही. आई रागावते, ते मात्र दिसते. आपण काय चुकलो, हे त्या रात्री तो बराच वेळ आठवून पाहतो. दिवसभरात असे वीस प्रसंग घडले, तर माणूस घराबाहेर पडणेच टाळू लागतो. बाहेरच्यांना मग तो एकलकोंडा वाटतो, आणि ‘स्वमग्न’ हा शब्द खरा ठरल्यासारखा होतो.

बाहुलीचा प्रयोग आणि त्यानंतर

या अडचणीचे मूळ शोधण्यासाठी १९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली व उटा फ्रिथ यांनी एक साधा प्रयोग केला. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या पाठीमागे ॲन नावाची बाहुली ती गोटी पेटीत लपविते. परत आल्यावर सॅली गोटी कोठे शोधील? जिला बदल माहीत नाही, ती टोपलीतच शोधणार. सत्तावीस सर्वसाधारण मुलांपैकी तेवीस जणांनी बरोबर उत्तर दिले. डाउन लक्षणसमूह असलेल्या चौदांपैकी बारा जणांनीही दिले. वीस स्वमग्न मुलांपैकी केवळ चौघांना ते साधले. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ताडण्याची शक्ती स्वमग्न व्यक्तींत उणी असते, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला.

हा निष्कर्ष पुष्कळ काळ गाजला. परंतु तो अपुरा होता. चार मुलांना उत्तर आलेच होते, आणि पुढे अनेक स्वमग्न प्रौढांनाही ते आले. शिवाय एक प्रश्न कोणी विचारलाच नव्हता: इतरांना तरी स्वमग्न माणसाचे मन कितपत ताडता येते? २०१२ साली डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने तो स्पष्टपणे मांडला. दोन भिन्न प्रकृतींच्या माणसांत गैरसमज झाला, तर तो दोघांमधला असतो. एकट्याचा दोष म्हणून त्याची नोंद करणे न्याय्य नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या विचाराची कसोटी पाहण्यासाठी कॅथरीन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली आपल्या ‘कानगोष्टी’च्या खेळासारखा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट तोंडोतोंडी पुढे पाठविली. सर्व स्वमग्न माणसांच्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच ती सर्व सर्वसाधारण माणसांच्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र ती लवकर गळत गेली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, तीनशेहून अधिक व्यक्तींच्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीतील ही गळती पुन्हा आढळली नाही. शास्त्रात असे होत असते. पहिल्या प्रयोगाचे सर्वच निष्कर्ष टिकत नाहीत. परंतु स्वमग्न माणसे माहिती पोहोचविण्यात कमी पडतात, असे दोहोंपैकी एकाही अभ्यासात दिसले नाही.

नोआ सॅसन व सहकाऱ्यांचा २०१७ सालचा अभ्यास याहून अंतर्मुख करणारा आहे. स्वमग्न प्रौढांच्या बोलण्याच्या काही सेकंदांच्या चित्रफिती अनोळखी प्रेक्षकांना दाखविल्या, तेव्हा ‘या माणसाशी ओळख वाढवावीशी वाटत नाही’ असे मत त्यांनी तत्काळ बनविले. तेच बोलणे केवळ लिहून वाचावयास दिले असता हा दुजाभाव नाहीसा झाला. म्हणजे प्रेक्षकांना त्या माणसाचे विचार खटकले नव्हते. खटकला होता तो त्याचा स्वर, त्याची नजर, त्याची उभे राहण्याची ढब. ज्या पहिल्या काही क्षणांवर नोकरी, शेजार आणि मैत्री अवलंबून असते, तेथेच त्याची हार होते.

शिकवावे काय आणि कोणत्या भाषेत

बंगळूर हे या विषयाच्या अभ्यासाचे भारतातील एक जुने केंद्र आहे. १९५४ साली येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. १९७४ साली ती म्हैसूर राज्याच्या जुन्या मनोरुग्णालयाशी एकत्रित होऊन ‘निमहॅन्स’ ही संस्था बनली. तेथील बालमनोविकार विभागात दूरदूरच्या राज्यांतून पालक येतात. वाचा व भाषा यांच्या तज्ज्ञ डॉ. प्रतिभा कारंत यांनी याच शहरात ‘कॉम डील’ नावाची पद्धती विकसित केली. लहान मुलांचे बोलणे, हालचाल आणि सामाजिक कौशल्ये यांवर तीत एकत्रित काम होते, आणि आईवडिलांना त्यात सहभागी करून घेतले जाते.

अशा शिक्षणाचे मर्म एका वाक्यात सांगता येते: जे इतरांना न सांगता कळते, ते येथे सांगावयाचे. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावला, म्हणजे पुढे काय होणार याची धास्ती उरत नाही. अमेरिकन शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९०च्या सुमारास ‘सामाजिक कथा’ ही युक्ती प्रचारात आणली. एखादा प्रसंग, त्यात लोक काय करतात, का करतात आणि आपण काय करू शकतो, हे लहान वाक्यांत आधी लिहून द्यावयाचे. ‘पाहुणे पहिल्यांदा नको म्हणतात. पुष्कळदा ते संकोचाने तसे म्हणतात. मी आणखी एकदा विचारतो. पुन्हा नको म्हणाले, तर मी बशी ठेवून देतो.’ चार वाक्यांत लाडवांचा प्रश्न सुटतो.

बहुभाषी शहरातील पालकांना एक शंका नेहमी सतावते. तीन भाषांच्या गोंधळामुळे मूल बोलत नसेल काय? घरची मराठी सोडून केवळ इंग्रजीच बोलावी काय? असा सल्ला पुष्कळांना मिळतोही. परंतु आजवरच्या संशोधनात दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांच्या भाषाविकासास बाध येतो असे आढळलेले नाही. उलट घरची भाषा तोडली, तर आजीआजोबांशी असलेला धागा तुटतो. आणि ज्याला मुळात माणसेच थोडी, त्याची आणखी दोन माणसे कमी होतात.

शिक्षणाला मर्यादाही असावी. नजर दे, हात हलवू नको, हसताना दात दाखव, असे सतत बजावून स्वमग्न माणसाला इतरांसारखा ‘दिसावयास’ लावणे म्हणजे शिक्षण नव्हे. आपली प्रकृती दिवसभर झाकून ठेवणाऱ्या स्वमग्न प्रौढांमध्ये थकवा, चिंता व नैराश्य अधिक आढळते, असे अलीकडील अभ्यास दर्शवितात. हात हलविल्याने कोणाची हानी होत नाही. त्याने मन शांत होत असेल, तर ते हलू द्यावेत.

कचेरीतील मुलाखत

प्रौढ वयातील सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे नोकरीची मुलाखत. ‘स्वतःविषयी काही सांगा’, या प्रश्नाला उत्तर किती मिनिटांचे द्यावे, हे तो प्रश्न सांगत नाही. काम उत्तम येणारा माणूस येथेच बाद होतो. बंगळूरने या बाबतीत एक धडा घालून दिला. ‘सॅप’ या जर्मन संगणक कंपनीच्या येथील शाखेने सहा स्वमग्न व्यक्तींना संगणक-प्रणालींतील चुका शोधण्याच्या कामी नेमले. शाखेचे तेव्हाचे प्रमुख व्ही. आर. फेरोज हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. हा अनुभव जमेस धरून २०१३ सालच्या मे महिन्यात कंपनीने २०२० पर्यंत आपल्या जगभरच्या नोकरवर्गात एक टक्का स्वमग्न व्यक्ती असाव्यात, असे उद्दिष्ट जाहीर केले. ते उद्दिष्ट त्या मुदतीत गाठले गेले नाही. तरीही मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष काम करवून पाहावे, सूचना लेखी द्याव्यात, मदतीस एक ठरलेला सहकारी असावा, ही रीत पुढे अन्य कंपन्यांनीही उचलली.

अर्थात हे दार काही थोड्यांसाठीच उघडते. पुष्कळांना संगणकाचे काम जमणार नाही. त्यांचाही समाजावर तितकाच अधिकार आहे. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश झाला. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस अपंगत्वांमध्ये तिची गणना केली, आणि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ज्या गटांसाठी ठेवला, त्यांत स्वमग्न व्यक्तींनाही स्थान दिले. कायद्याने अधिकार मिळतो. परंतु रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे शेजाऱ्याने कसे पाहावे, हे ठरविणे कायद्याच्या हाती नसते.

थोडे आपणही

बंगळुरात एक वाक्प्रचार दिवसातून दहा वेळा कानी पडतो: ‘स्वल्प ॲडजस्ट माडि’, म्हणजे ‘जरा सांभाळून घ्या’. बसच्या बाकावर चौथ्या माणसाला जागा हवी असली, की हेच शब्द. या शहरातील स्वमग्न माणसे पहाटेपासून रात्रीपर्यंत हेच करीत असतात; फरक एवढाच, की त्यांच्यासाठी हे शब्द सहसा कोणी उच्चारीत नाही. सगळे सांभाळून घेणे त्यांच्याच वाट्याला येते.

वस्तुतः दुसऱ्या बाजूने करावयाचे फार थोडे आहे. प्रश्न नेमका विचारावा. उपरोधाऐवजी सरळ बोलावे. एक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी काही क्षण थांबावे. लगेच दुसरा प्रश्न लादू नये. अंगाला हात लावण्यापूर्वी सांगावे. बेत बदलला, तर आधी कळवावे. एखादे मूल बाजारात कानांवर हात ठेवून ओरडत असेल, तर आईला संस्कारांचा उपदेश करण्याऐवजी वाट मोकळी करून द्यावी. यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

सार्वजनिक स्थळीही असा बदल करता येतो. २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सूर्यफुलांची चित्रे असलेली हिरवी गळपट्टी देण्यास आरंभ झाला. ती घातलेल्या प्रवाशाला न दिसणारी अडचण आहे, हे कर्मचाऱ्यांना न विचारताच कळते. बंगळूरच्या विमानतळानेही ही खूण स्वीकारली आहे, आणि तेथे गोंगाटापासून दूर विसावण्यासाठी एक शांत खोलीही केली आहे. विमानतळाला जे साधले, ते बसस्थानकाला, शाळेला व ग्रंथालयाला न साधण्याचे कारण नाही.

आता त्या पहिल्या मुलाकडे वळू. डोनाल्ड ट्रिपलेट आपल्या फॉरेस्ट गावीच वाढला, महाविद्यालयातून पदवीधर झाला, कुटुंबाशी संबंधित बँकेत नोकरीस लागला, मोटार चालविण्यास व गोल्फ खेळण्यास शिकला आणि एकट्याने तीसहून अधिक देश हिंडून आला. भेटणाऱ्या माणसांना तो आपल्या मनाने क्रमांक देई. गावकरी आपला क्रमांक आठवणीने सांगत. त्याचे कुटुंब सधन होते, हे खरे, आणि असे भाग्य सर्वांना लाभत नाही. परंतु गावाने त्याला बदलण्याचा हट्ट धरला नाही; तो असाच आहे, एवढे त्यांनी समजून घेतले. १५ जून २०२३ रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी, तो मरण पावला. तो कधीच ‘बरा’ झाला नव्हता. आणि तरीही त्याचे आयुष्य भरलेले होते.

बंगळूरसारख्या कोटीभर वस्तीच्या शहरात प्रत्येकाला प्रत्येकाची ओळख असणे शक्य नाही. पण दर्शिनीच्या भिंतीवर जसा दरांचा फलक असतो, तसे आपले बोलणे स्पष्ट करणे शक्य आहे. उद्या सकाळी कोणी “तिंडि आय्ता?” या प्रश्नाला “दोन इडल्या झाल्या, एक वडा झाला, कॉफी राहिली आहे,” असे सविस्तर उत्तर दिले, तर हसू नये. त्याला विचारलेला प्रश्न त्याने मनापासून ऐकला आहे. आपणही त्याचे उत्तर तसेच ऐकून घ्यावे.